मुक्या सोबत्याची निर्भय निगा

रविवारची सकाळ. न्हाणीघरात बादली भरण्याचा आवाज सुरू होतो आणि दिवाणखान्यात निवांत पहुडलेला कुत्रा उठून पलंगाखाली सरकतो. कोणी त्याला हाक मारलेली नसते, शाम्पूची बाटली अजून कपाटातच असते. पण नळाच्या आवाजावरून त्याला पुढचे सारे उमगलेले असते. मग घरातील दोघेजण खाली वाकतात. एक जण गळ्यातला पट्टा धरून ओढतो, दुसरा मागून ढकलतो. गुळगुळीत फरशीवर चार पाय घसरत जातात. अर्ध्या तासाने एक ओला, थरथरणारा जीव गॅलरीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असतो आणि घरातील मंडळी दमून म्हणतात, ‘‘झाली एकदाची आंघोळ!’’

असे दृश्य आज अनेक घरांत दिसते. त्या घराचे कुत्र्यावर प्रेम नाही असे मुळीच नाही. त्याला वेळेवर अन्न मिळते, लस टोचली जाते, आजारपणात रात्री जागरणही होते. ज्या कुटुंबात पाणी गाळून वापरतात, धान्य निवडताना किडा दिसला तर त्याला हळुवार उचलून बाहेर सोडतात, त्या कुटुंबात आपल्याच सोबत्याला मुद्दाम कोण दुखवील? तरीही आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे, कान पुसणे ही चार कामे आली की त्याच घरात ओढाताण, दाबून धरणे आणि दटावणे सुरू होते. हे सारे त्याच्याच भल्यासाठी चालले आहे, या समजुतीमुळे त्यातला त्रास कोणाच्या ध्यानात येत नाही. आहार आणि औषध यांच्या बरोबरीने अभय हेही दान मानणाऱ्या घराने स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. आपल्या कुत्र्याला आपल्या हातांचे भय वाटते का?

मुंबईचा एक जुना प्रसंग

मुंबईच्या व्यापारी समाजाचे आणि कुत्र्यांचे नाते जुने आहे. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याची मोहीम सरकारने चालविली, तेव्हा शहरात मोठा क्षोभ उसळला. पारशी मंडळी त्यात अग्रभागी होती. हिंदू आणि जैन व्यापारीही त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. बाजार बंद झाले, दुकानांची दारे लागली. इतिहासात हा प्रसंग मुंबईतील ‘कुत्र्यांचा दंगा’ म्हणून नोंदला गेला आहे. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली आणि मुक्या जनावरांना कायमचा आसरा मिळाला.

त्या पिढीपुढचा प्रश्न रस्त्यावरच्या कुत्र्याच्या प्राणाचा होता. आजच्या पिढीच्या घरातच कुत्रा आहे. त्याच्या प्राणाला धोका नाही. पण त्याचे मन स्वस्थ आहे की नाही, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. तो पूर्वीच्या प्रश्नाइतका ठळक दिसत नाही, कारण त्याचे उत्तर देणारा बोलू शकत नाही.

भय कसे रुजते

रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव यांना पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या तोंडाला अन्न समोर येण्यापूर्वीच पाणी सुटू लागले. अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल आणि अन्न यांचा संबंध त्यांनी मनाशी जोडून टाकला होता. हा संबंध विचार करून जोडलेला नसतो. तो आपोआप जुळतो. नळाच्या आवाजाने पलंगाखाली जाणारा कुत्रा हाच नियम पाळत असतो. तिथे चाहुलीनंतर अन्न येत होते, इथे आवाजानंतर ओढाताण येते, एवढाच काय तो फरक.

यातूनच उपायाचीही दिशा दिसते. जो आवाज, जी वस्तू किंवा जो स्पर्श भयाची सूचना ठरला आहे, त्याच्यामागून पुन्हा पुन्हा काही सुखाचे येऊ लागले, तर त्याचा अर्थ बदलतो. मात्र क्रम महत्त्वाचा आहे. आधी नखे कापण्याचे यंत्र दिसावे आणि मग खाऊ मिळावा. खाऊ दाखवून जवळ बोलावले आणि पाठोपाठ यंत्र बाहेर काढले, तर कुत्रा खाऊलाही भिऊ लागतो. बाजारात एकदा खोट्या मालावर फसलेले गिऱ्हाईक पुढे त्या दुकानाच्या सवलतीकडेही संशयाने पाहते, तसेच हे आहे.

गप्प राहणे म्हणजे शांत असणे नव्हे

‘आमचा कुत्रा पार्लरमध्ये अगदी मुकाट उभा राहतो,’ असे पुष्कळदा कौतुकाने सांगितले जाते. काही कुत्रे खरोखर निर्धास्त असतात. परंतु काहींच्या बाबतीत तो मुकाटपणा हतबलतेचा असतो. सुटण्याचा प्रत्येक प्रयत्न निष्फळ ठरला की प्राणी प्रयत्न करणेच सोडून देतो. अंग ताठ, नजर एका जागी खिळलेली, श्वास रोखलेला असा तो उभा राहतो.

कुत्रा बोलत नसला तरी त्याचे शरीर सतत काही सांगत असते. नॉर्वेतील श्वानप्रशिक्षिका तुरिद रुगास यांनी अशा खुणांचे बारकाईने निरीक्षण करून त्या लोकांसमोर मांडल्या. झोप आलेली नसताना जांभई देणे, अन्न समोर नसताना ओठांवरून जीभ फिरवणे, मान दुसरीकडे वळवणे, पुढचा एक पाय उचलून धरणे या त्यांतील काही सौम्य खुणा. अस्वस्थता वाढली की कान मागे जातात, शेपूट पोटाखाली दडते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, उकाडा नसतानाही धाप लागते. एरवी आवडीने खाल्ला जाणारा खाऊ नाकारला गेला, तर मर्यादा ओलांडली गेली आहे हे निश्चित समजावे.

सर्वांत शेवटी येते ते गुरगुरणे. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला चापट मारण्याची चूक अनेक जण करतात. गुरगुरणे हा इशारा आहे आणि इशारा दिल्याबद्दल शिक्षा झाली, तर कुत्रा इशारा देणे बंद करतो. भय मात्र जागच्या जागी राहते. असा कुत्रा पुढे एखाद्या दिवशी काहीही न कळवता चावतो आणि ‘इतकी वर्षे काही नव्हते, अचानक कसा चावला?’ असा प्रश्न पडतो. घरात लहान मुले असतील तर ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

हत्ती स्वतः पाय पुढे करतो, तर…

जबरदस्तीवाचून निगा राखण्याची पद्धत काही केवळ भावुकतेतून आलेली नाही. प्राणिसंग्रहालयांत ती प्रत्यक्ष गरजेतून विकसित झाली. हत्ती किंवा जिराफ यांना दाबून धरणे माणसाच्या ताकदीबाहेरचे असते. म्हणून अनेक प्राणिसंग्रहालयांत हत्तीला अडसराच्या फटीतून स्वतःहून पाय पुढे करायला शिकवले जाते आणि त्याच्या तळव्याची व नखांची निगा राखली जाते. जिराफही खूर घासून घेण्यासाठी पाय टेकवून उभा राहायला शिकतो. मनात आले की मागे हटण्याची त्या प्राण्याला मुभा असते आणि ती मुभा असते म्हणूनच तो पुन्हा पुढे येतो.

पाळीव प्राण्यांच्या क्षेत्रात अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. सोफिया यिन यांनी या विचाराला शास्त्रशुद्ध रूप दिले. कुत्र्यामांजरांना कमीत कमी ताण देऊन कसे हाताळावे, यावरील त्यांचा सचित्र ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१६ मध्ये डॉ. मार्टी बेकर यांनी ‘फिअर फ्री’ हा उपक्रम सुरू केला. त्यात पशुवैद्यांप्रमाणेच केस कापणाऱ्या व्यावसायिकांनाही प्रशिक्षण दिले जाते. ब्रिटनमधील प्रशिक्षक चिराग पटेल यांचा ‘बादलीचा खेळ’ही याच विचारातला आहे. खाऊने भरलेली छोटी बादली कुत्र्यासमोर ठेवायची. तो तिच्याकडे पाहत असेपर्यंत स्पर्श करायचा व मधूनमधून खाऊ द्यायचा. त्याने नजर दुसरीकडे वळवताच हात थांबवायचा. नजर वळवली की काम थांबते, हे कळले की कुत्र्याला पळण्याचे किंवा दात दाखवण्याचे कारण उरत नाही.

घरी याहूनही सोपा प्रकार करता येतो. टॉवेलची घडी करून ती जमिनीवर ठेवावी आणि तिच्यावर हनुवटी टेकवायला कुत्र्याला शिकवावे. हनुवटी टेकलेली आहे तोवर काम चालू, उचलली की काम बंद. पहिल्या आठवड्यात काम फारसे होणार नाही. पण कुत्र्याला आपल्या शब्दाची किंमत कळेल. व्यवहारात पत जमते तशी ती हळूहळूच जमते.

रोज एक नख

चार कामांपैकी नखे कापणे सर्वांत अवघड. कारण नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो, काळ्या नखात दिसतच नाही. तो कापला गेला की रक्त येते आणि तीव्र वेदना होते. असा एक प्रसंग कुत्रा वर्षानुवर्षे विसरत नाही.

म्हणून सुरुवात कापण्यापासून करू नये. पहिले दोन-तीन दिवस नखे कापण्याचे यंत्र नुसते जमिनीवर ठेवावे. कुत्र्याने ते हुंगले की खाऊ द्यावा. पुढे खांद्यावरून हात फिरवत कोपरापर्यंत, मग पंजापर्यंत न्यावा आणि प्रत्येक टप्प्याला खाऊ द्यावा. पंजा थेट पकडू नये. पंजा दोन क्षण हातात राहू लागला की यंत्राचा थंड स्पर्श नखाला नुसता करावा. त्यानंतर पंजाजवळच एखादी कोरडी काडी यंत्राने कापून ‘कट्’ हा आवाज ऐकवावा. हे सारे कुरकुर न होता पार पडले की मग एका नखाचे फक्त टोक कापावे आणि त्या दिवसापुरते थांबावे.

बहुतेक कुत्र्यांना अठरा नखे असतात. चार पायांची प्रत्येकी चार आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला उंचावर असलेली दोन. रोज एक नख कापले तरी अठरा दिवसांत एक फेरी पूर्ण होते आणि तोवर पहिल्या नखाची पाळी जवळ आलेली असते. उंचावरची ती दोन नखे जमिनीला घासत नसल्याने आपोआप झिजत नाहीत. ती वळून कातडीत रुतू शकतात, म्हणून त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. थोडे थोडे पण वारंवार कापत गेल्याने नखातला जिवंत भाग हळूहळू मागे सरकतो आणि वाढलेली नखे काही महिन्यांत योग्य लांबीवर येतात. चुकून रक्त आलेच, तर मक्याचे पीठ म्हणजे कॉर्नफ्लोअर नखाच्या टोकावर दाबून धरावे. रक्त थांबले नाही तर पशुवैद्याकडे न्यावे.

यंत्राला फारच भिणाऱ्या कुत्र्यासाठी आणखी एक युक्ती आहे. लाकडी फळीवर सँडपेपर चिकटवून ती तिरकी धरावी आणि कुत्र्याला तिच्यावर पंजा घासायला खाऊ देऊन शिकवावे. पुढच्या पायांची नखे तो खेळता खेळता स्वतःच घासून घेतो.

आंघोळ आणि केस

कुत्र्याच्या त्वचेचा वरचा थर माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ असतो आणि तिची आम्लताही वेगळी असते. त्यामुळे माणसांचा शाम्पू किंवा अंगाचा साबण त्याला वापरू नये. निरोगी कुत्र्याला दर आठवड्याला आंघोळ लागतही नाही; बहुतेकांना महिन्यातून एकदा पुरते. मधल्या दिवसांत ओल्या कापडाने अंग पुसणे आणि विंचरणे पुरेसे असते. दर रविवारचा संघर्ष अनेक घरांत अनावश्यकच असतो, ही यातली दिलाशाची बाब.

आंघोळीतील भयाचे एक मोठे कारण पाणी नसून घसरणारी फरशी हे असते. पाय स्थिर नसले की कोणताही प्राणी घाबरतो. न्हाणीघरात रबराची चटई किंवा जुना टॉवेल अंथरला, तर निम्मी धडपड तिथेच थांबते. बादली कुत्र्याला आत आणण्यापूर्वीच कोमट पाण्याने भरून ठेवावी. पाणी उंचावरून न ओतता तांब्या अंगाजवळ धरून पायांपासून पाठीकडे सोडावे. तोंडावर पाणी घालूच नये; ओल्या मऊ कापडाने पुसून घ्यावे. केस कोरडे करण्याच्या ड्रायरचा आवाज माणसाला साधा वाटतो. कुत्र्याला मात्र माणसापेक्षा कितीतरी तीव्र कंपनांचे आवाज ऐकू येतात. टॉवेलने टिपून घेणे शक्य असेल तर ड्रायर टाळावा. लांब केसांच्या जातींसाठी तो लागतोच, तेव्हा आधी दुसऱ्या खोलीत लावून त्याच्या आवाजाची सवय करावी.

विंचरणे नेहमी आंघोळीच्या आधी करावे, कारण ओले झाल्यावर केसांच्या गाठी अधिक घट्ट होतात. गाठ सोडवताना ती मुळाशी दोन बोटांनी धरून ठेवावी, म्हणजे कातडी ओढली जात नाही; आणि टोकाकडून मुळाकडे थोडे थोडे सोडवत यावे. जटा अंगाला चिकटून बसल्या असतील तर त्या ओढून सोडवण्याचा हट्ट धरू नये. तेथील केस काढून टाकावेत. रूप चार महिन्यांत परत येते.

याउलट उन्हाळा आला की पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर यांसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्यांना पूर्ण भादरण्याची प्रथा मात्र योग्य नाही. वरचे लांब केस त्वचेला उन्हापासून वाचवतात. आतली गळणारी लव विंचरून काढली की हवा खेळती राहते. भादरलेले केस काही वेळा पूर्वीसारखे उगवतही नाहीत. शिह त्झू किंवा ल्हासा यांचे केस मात्र सतत वाढतात आणि त्यांना नियमित कापणी लागते. आपल्याकडचे गावठी कुत्रे आणि दख्खनचा कारवान यांना तर रबरी ब्रश व ओले कापड एवढेच बहुधा पुरते.

कुत्र्याच्या कानाची नळी आत जाऊन वळते. कापसाची काडी आत घातल्यास मळ आणखी खोल ढकलला जातो. दिसेल तेवढाच भाग कापसाच्या बोळ्याने पुसावा. कानाला दुर्गंधी येत असेल, कुत्रा सतत डोके झटकत असेल, तर तिथे निगेचा नव्हे, उपचाराचा प्रश्न आहे.

गोचिडांचा पेच

अहिंसा पाळणाऱ्या घरात या विषयातला सर्वांत कठीण प्रश्न गोचिडांचा असतो. कुत्र्याचे रक्त शोषणारा गोचीड हाही जीवच. मात्र तो कुत्र्याला एहर्लिकिओसिस आणि बबेसिओसिस यांसारखे रोग देऊ शकतो व हे रोग जीवावर बेततात. गोचिडांकडे डोळेझाक करणे म्हणजे कुत्र्याला वेदनेत सोडणे होय.

या पेचात कमीत कमी हिंसेचा मार्ग एकच, तो म्हणजे प्रादुर्भाव होऊच न देणे. कुत्र्यावरील गोचीड आपल्या आयुष्याचा बराच काळ कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतीच्या फटींत, लाद्यांच्या सांध्यांत, अंथरुणाच्या शिवणींत घालवतो आणि एक मादी हजारो अंडी घालू शकते. म्हणूनच आज केलेली हयगय उद्या हजारोंच्या संहाराची वेळ आणते. फटी बुजवणे, कुत्र्याचे अंथरूण दर आठवड्याला धुऊन उन्हात वाळवणे, फिरून आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली हात फिरवून पाहणे, आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने ऋतू सुरू होण्यापूर्वीच प्रतिबंधक औषध देणे, ही चतुःसूत्री पाळावी. चिकटलेला गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावा. त्यावर रॉकेल ओतणे किंवा काडीचा चटका देणे कुत्र्यालाही घातक आहे. घरात मांजर असेल तर कुत्र्यासाठीचे औषध तिला कदापि लावू नये. त्यांतील परमेथ्रिनसारखी काही द्रव्ये मांजरासाठी विष ठरतात.

ज्या कुत्र्याला स्पर्शाचे भय नाही, त्याच्या अंगावरून रोज हात फिरवता येतो आणि पहिलाच गोचीड वेळेत सापडतो. ज्याला ओढून धरावे लागते, त्याची तपासणी महिनोन्महिने टळत राहते. निर्भय निगेचा हा सर्वांत व्यावहारिक लाभ आहे.

खाऊ कोणता, साधने कोणती

बाजारात मिळणारा कुत्र्यांचा बहुतेक खाऊ मांसाचा असतो. शिकवण्यासाठी त्याची गरज नाही. पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे, बिया काढलेले सफरचंद, उकडलेला लाल भोपळा, बिनमिठाचे मखाणे किंवा कुरमुरे कुत्रे आवडीने खातात. खाऊची मात्रा रोजच्या जेवणातून वजा करावी. कांदा आणि लसूण कुत्र्यांना अपायकारक असतात. ते अनेक जैन घरांत मुळातच नसतात. पण मनुका, बेदाणे आणि द्राक्षे त्यांच्या मूत्रपिंडांना घातक आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मिठाई, शिरा किंवा सुका मेवा प्रेमाने भरवण्याची सवय म्हणूनच सोडावी. चॉकलेटही वर्ज्य समजावे.

साधने निवडतानाही थोडी चौकशी केलेली बरी. ‘नैसर्गिक केसांचा’ म्हणून विकला जाणारा ब्रश बहुधा डुकराच्या राठ केसांचा असतो; त्याऐवजी रबर किंवा नायलॉनचा घ्यावा. चामड्याच्या पट्ट्याला सुती किंवा नायलॉनचा पट्टा हा चांगला पर्याय आहे. बारीक तारांचा ब्रश कुत्र्यावर वापरण्यापूर्वी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहावा. आपल्याला टोचला तर त्याच्या पोटालाही टोचणार.

पार्लर निवडताना

शहरांतून आता ग्रूमिंग पार्लर पुष्कळ झाले आहेत. लांब केसांच्या कुत्र्यांना त्यांची गरजही असते. पार्लर निवडताना दर आणि सजावट यांआधी काही प्रश्न विचारावेत. काम चालू असताना मालकाला पाहता येते का? कुत्रा घाबरला तर काय केले जाते? गळ्यात फास अडकवून टेबलावर त्याला एकटे सोडले जाते का? गरम हवेच्या बंद पिंजऱ्यात ठेवून केस वाळवले जातात का? अशा पिंजऱ्यात उष्माघाताचा धोका असतो, विशेषतः पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना.

यात ग्राहकाचीही जबाबदारी आहे. पार्लरमधील कारागिराला दिवसात ठराविक कुत्रे पूर्ण करावे लागतात आणि काम अर्धवट राहिले तर ग्राहक पैसे देत नाही. मग तो कुत्र्याला दाबून धरून काम उरकतो. ज्या समाजाला मालाची आणि मजुरीची किंमत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याला हे गणित समजावून सांगायला नको. ‘कुत्रा घाबरला तर तिथेच थांबा, आजची मजुरी पूर्ण मिळेल,’ एवढे एक वाक्य आधी सांगितले, तर कारागिराच्या हाताला उसंत मिळते. त्या दिवशी एक पाय कापणीवाचून राहील. पुढच्या खेपेस मात्र कुत्रा दाराशी अडून बसणार नाही.

आधीच भ्यालेल्यांसाठी

सारेच कुत्रे पिल्लू म्हणून घरी येत नाहीत. काही रस्त्यावरून आलेले, काही पूर्वीच्या घरी मार खाल्लेले असतात. वयोवृद्ध कुत्र्याचे सांधे दुखत असतात. पाय उचलताच तो गुरगुरला तर तो हट्ट नसून वेदना असू शकते. एकाएकी स्पर्श टाळू लागलेल्या कुत्र्याला आधी पशुवैद्याला दाखवावे. जटा फार वाढल्या असतील किंवा भय पराकोटीचे असेल, तर पशुवैद्याच्या देखरेखीखाली गुंगीचे औषध देऊन काम करून घेण्यात कमीपणा नाही. चौघांनी दाबून धरण्यापेक्षा ते अधिक दयेचे आहे. क्वचित तोंडाला जाळी लावावी लागते. तीही आधी खाऊ देऊन सवयीची करावी आणि कुत्र्याला तोंड उघडून धाप टाकता येईल अशी सैल असावी.

सौम्य पद्धतीतही दक्षता सुटू नये. लहान मुलांनी नखे-कानांची कामे करू नयेत. रेबीजची लस वेळापत्रकाप्रमाणे टोचून घ्यावी. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

या पद्धतीला वेळ लागतो, ही तक्रार खरी आहे. दुकान, मुलांच्या शाळा, घरचा व्याप सांभाळून रोजचा वेळ कोठून काढावा? परंतु इथे रोज पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही आणि ती पाच मिनिटे सकाळी दुकान उघडण्यापूर्वी किंवा संध्याकाळी परतल्यावर सहज मिळतात. महिन्याभरात आंघोळीच्या चार संघर्षांत जाणारे चार अर्धे तास त्यातून वाचतात.

आणि मग एखाद्या रविवारी न्हाणीघरात चटई अंथरली जाते, कोमट पाण्याने भरलेली बादली शेजारी ठेवली जाते आणि दार उघडे राहते. कुत्रा दारापर्यंत येतो, आत डोकावतो, थांबतो. त्याला कोणी ओढत नाही. तो परत फिरला तर फिरू द्यावे. आंघोळ सोमवारीही होईल. बहुधा थोड्या वेळाने तो पुन्हा येतो आणि पहिला पाय स्वतःहून चटईवर ठेवतो.